तिचं नाव गाण्यात नाही

शेफील्डच्या त्या पबमध्ये माझ्या हातात लिंबाचं सरबत होतं, हे आधीच सांगून टाकतो. आई हल्ली गॅलरीतल्या कुठल्या तरी पोराकडून माझं लिखाण वाचून घेते, नसती पंचाईत नको.

साल 2007. ऑफिसने नऊ महिन्यांसाठी इंग्लंडला धाडलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी सगळी टीम केल्हम आयलंड भागातल्या एका जुन्या पबमध्ये जायची. आजूबाजूला विटांच्या पडीक कारखान्यांच्या इमारती, उंच धुराडी आणि मागून वाहणारी डॉन नदी. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा चिंचपोकळीच्या पुलावर उभं असल्यासारखं वाटलं होतं. फक्त माणसं कमी आणि थंडी जास्त.

त्या संध्याकाळी कुणीतरी ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकलं. आधी एक पोकळ, पातळ सूर आला. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात सर्वांत कोपऱ्यात बसलेला कॅसिओवाला काढतो ना, तसा. मग एक माणूस गोष्ट सांगितल्यासारखा गायला लागला, जवळजवळ बोलतच. ती ग्रीसहून आली होती, सेंट मार्टिन्स कॉलेजात शिल्पकला शिकत होती, तिचे वडील बक्कळ श्रीमंत होते, वगैरे. दोन मिनिटांत अख्खा पब त्याच्याबरोबर ओरडत होता. माझा टीम लीड, एरवी स्प्रेडशीटच्या बाहेर न डोकावणारा माणूस, टेबलावर थापा मारत होता. गाणं पुढे सरकत होतं तशी लय चढत होती. आरतीला शेवटी टाळ्यांचा वेग वाढतो आणि कुणाला आवरत नाही, तसं.

मी शब्द ऐकत होतो. आणि मला घाम फुटायला लागला होता.

गाण्याचं नाव ‘कॉमन पीपल’. बँड पल्प, याच गावचा. जार्व्हिस कॉकर नावाच्या पोराने 1978 साली पंधराव्या वर्षी शाळेत असताना तो काढला. पुढची पंधरा-सोळा वर्षं या बँडला फारसं कुणी विचारलं नाही. मधल्या काळात कॉकरने मासळीबाजारात काम केलं. 1985 मध्ये एका मुलीवर छाप पाडायला खिडकीबाहेर स्पायडरमॅनसारखं लटकायला गेला, खाली पडला, आणि काही काळ व्हीलचेअरवर बसून कार्यक्रम केले. मला हा तपशील फार आवडतो. वर्गाबिर्गाच्या गोष्टी नंतर, आधी माणूस मुलीसमोर माकडचाळे करतो.

1988 मध्ये तो लंडनला सेंट मार्टिन्समध्ये सिनेमा शिकायला गेला. तिथे विद्यार्थ्यांना दोन आठवडे आपला विषय सोडून दुसरंच काही करावं लागे. त्या पंधरवड्यात त्याला ती भेटली. तिला म्हणे हॅकनी या लंडनच्या कामगारवस्तीत राहायला जायचं होतं, ‘कॉमन’ लोकांसारखं जगायला. गाण्यात तिला त्याच्यासारख्या कॉमन माणसाबरोबर झोपायचंही असतं. तो भाग त्याने पदरचा घातला, हे त्यानेच नंतर सांगितलं. तिला त्याच्यात काडीचा रस नव्हता. गडी तिच्यावर भाळला होता, ती नव्हती. आणि तिचं नाव त्याला आठवत नाही. पुढे लोकांनी ती मुलगी नेमकी कोण, हे शोधायचा बराच खटाटोप केला. पण गाण्यात तिचं नाव नाहीच, आणि माझ्या मते ते बरंच आहे.

सहा वर्षांनी त्याने नॉटिंग हिलमधल्या एका जुन्या बाजाराच्या दुकानातून एक स्वस्तातला कॅसिओ कीबोर्ड उचलला आणि त्यावर ही चाल बसवली. म्हणजे माझा कान चुकला नव्हता. मे 1995 मध्ये गाणं आलं आणि इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. पहिल्यावर होते रॉब्सन आणि जेरोम नावाचे दोन टीव्ही नट, एक जुनं गोग्गोड प्रेमगीत घेऊन. ते दोघं आता कुणाच्या लक्षात आहेत?

इथे एक शब्द सोडवायला हवा. ‘कॉमन मॅन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लक्ष्मण यांचा चौकडीचा कोट घातलेला, काहीच न बोलणारा म्हातारा येतो. त्याचा आपण पुतळा उभारतो, वरळीला समुद्राकडे तोंड करून. ‘सामान्य माणूस’ ही मराठीत शिवी नाही, उलट पुढारी दर पाच वर्षांनी त्याच्या पाया पडतात. इंग्लंडमध्ये मात्र ‘कॉमन’ ही शिवी आहे. आया पोरांना दटावतात ती. मोठ्याने हसू नकोस, रस्त्यात खाऊ नकोस, कॉमन दिसतं. मला हे टीम लीडने समजावून सांगितलं, आणि सांगताना तो जरा लाल झाला, कारण त्याच्या आजीचा तो आवडता शब्द होता. आजी पोलादाच्या कारखान्यातल्या कामगाराची बायको.

मी त्याला म्हटलं, आमच्याकडेही असा शब्द आहे. घाटी.

तो शब्द मी पहिल्यांदा प्रेमाने उच्चारलेला ऐकला तो 1993 मध्ये, चर्चगेटजवळच्या एका कॉलेजच्या कँटीनमध्ये. “आज घाटी खाना खायेंगे,” ती म्हणाली आणि माझा डबा पुढे ओढला. भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. बोंबील तिने बाजूला सारले, भाकरी खाल्ली. मी हसलो. त्या हसण्याचं काय करायचं, हे मला पुढची चौदा वर्षं कळलं नाही.

ती नेपियन सी रोडची. वडिलांचा केमिकलचा धंदा. मी लालबागच्या चाळीतला, दहा बाय बाराच्या खोलीतला. बाबा एका मिलमध्ये साचेवाले होते, म्हणजे चार माग सांभाळायचे. 18 जानेवारी 1982 ला संप झाला तेव्हा मी तिसरीत होतो. अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि तो संप कुणी मागे घेतलाच नाही, नुसता विरून गेला. बाबांची मिल पुन्हा धड उभी राहिलीच नाही. दोनेक वर्षं ते गावी साताऱ्याला आणि इकडे असे ये-जा करत राहिले, मग वरळीला एका इमारतीत वॉचमन झाले. निळा शर्ट, शिट्टी, आणि मोठ्या गाड्या आल्या की गेट उघडून उभं राहणं.

आमच्यात प्रेम होतं का? मला विचाराल तर होतं, तिला विचाराल तर ती बहुधा आठवायला थोडा वेळ घेईल. मरीन ड्राइव्हवर बसायचो. ती टॅक्सीचं नाव काढायची नाही, कारण मला परवडणार नाही हे तिला कळायचं, आणि मला हे कळायचं की तिला कळतंय. एकदा तिने हट्ट धरला की लोकलने जायचं, तेही सेकंड क्लासने, तेही संध्याकाळी सहाला. चर्चगेट ते दादर. गर्दीत चेंगरली, ओढणी कुणाच्या तरी पिशवीत अडकली, पण खूश होती. दादरला उतरलो, पूल ओलांडून बाहेर आलो, तर समोर त्यांचा ड्रायव्हर पांढरी कॉन्टेसा घेऊन उभा. तिने सकाळीच सांगून ठेवलं होतं. “तू भी चल, ड्रॉप करती हूँ,” म्हणाली. मी म्हटलं, मला इथंच काम आहे. काही काम नव्हतं. हिंदमाताच्या दिशेने चालत सुटलो, लालबागपर्यंत.

त्या पबमध्ये मला घाम फुटला तो या गाडीमुळे. गाण्यात तो तिला सांगतो: दुकानावरची खोली भाड्याने घे, केस काप, नोकरी धर, कधी शाळेत गेलीच नव्हतीस असं दाखव. तरी तुला जमणार नाही. कारण रात्री पडल्या पडल्या भिंतीवर चढणारी झुरळं बघताना तू वडिलांना एक फोन केलास की सगळं थांबतं.

दादरची कॉन्टेसा म्हणजे तो फोन.

आमच्याकडे फोन नव्हता. खालच्या वाण्याचा पी.पी. नंबर होता. कुणाचा फोन आला की वाण्याचा पोऱ्या चौकातून वर तोंड करून नाव पुकारायचा, गॅलरीत चार जण तोच निरोप पुढे ढकलायचे, आणि माणूस बनियनवर जिने उतरत पळायचा. तोवर पलीकडच्याचे पैसे संपलेले असायचे. वडिलांना फोन करून काही थांबवण्याची सोय आमच्यात नव्हती. वडिलांना फोन लागला तरी पुष्कळ.

गाणं वर्गाच्या रागाबद्दल आहे असं सगळे म्हणतात, आणि आहेच. पण मी ते त्या रात्री खोलीवर जाऊन इंटरनेटवर पाच-सहा वेळा ऐकलं, तेव्हा मला एक गोष्ट खटकायला लागली. बोलतो फक्त तो. ती दोन-तीन वाक्यं बोलते, हसते, आणि एका ठिकाणी काही न कळून त्याचा हात धरते. अख्ख्या पावणेसहा मिनिटांत प्रेमाची म्हणावी अशी कृती ही एकच, आणि तो ती तिच्या अडाणीपणाचा पुरावा म्हणून सांगतो. रेडिओसाठी गाणं कापलं तेव्हा शेवटचं, सर्वांत कडवट कडवं गेलं, पण तिने हात धरला ते शिल्लक राहिलं.

शिवाय तो स्वतः कोण? सेंट मार्टिन्समध्ये शिकणारा. शेफील्डच्या इंटेक वस्तीतून निघून लंडनच्या कलाशाळेत पोचलेला. तिला ‘आमचं’ जगणं जमणार नाही म्हणणाऱ्याचं ते जगणं आता कुठे राहिलं होतं? हे मी त्याच्यावर आरोप म्हणून लिहीत नाही. मला वाटतं गाण्यातली आग तिथूनच येते. ज्याचा एक पाय बाहेर पडलाय तोच उंबरठ्यावर उभा राहून इतका मोठ्याने ओरडतो. आत बसलेले ओरडत नाहीत, त्यांना दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जायचं असतं.

आणि त्याने हे तिला तोंडावर सांगितलं तरी कुठे? सहा वर्षांनी, वरातीमागून घोडं. मला त्यात दिलासा मिळाला. मीही काही बोललो नव्हतो.

1993 च्या गणपतीत ती आमच्या घरी आली. त्या वर्षी मुंबईने जानेवारीत दंगल आणि मार्चमध्ये स्फोट पाहिले होते, सप्टेंबरात लोकांना सणाची भूक लागल्यासारखी झाली होती. लालबागला मुंगी शिरायला जागा नव्हती. तिला ‘रिअल बॉम्बे’ बघायची होती. आईला मी दोन दिवस आधी सांगितलं, आणि तेवढंच चुकलं. आईने खोलीला हात मारून घेतला, शेजारच्या काकूंकडून नवी स्टीलची ताटं आणली, थम्स अपच्या दोन बाटल्या वाण्याच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. पाळीवरून आलेल्या मोठ्या काकांना खाटेखालून उठवून गॅलरीत झोपायला पाठवलं.

ती आली. दारात चपला काढल्या, कुणी न सांगता. तेवढ्यात बाबा उठून उभे राहिले.

ते ‘या मॅडम, बसा’ म्हणाले. माझ्या बाबांनी माझ्या वर्गातल्या मुलीला मॅडम म्हटलं. ती बसेपर्यंत ते भिंतीला टेकून उभे होते, दोन्ही हात पुढे गुंफून, गेटवर उभे राहतात तसे. ती म्हणाली, “अंकल, प्लीज, आप बैठिये.” ते म्हणाले, “असू दे, असू दे.” एवढंच झालं. बाकी सगळं छान झालं. ती खाली पाटावर बसून जेवली. मध्ये तिला जायचं होतं, तर आई बादलीभर पाणी घेऊन तिच्याबरोबर गॅलरीच्या टोकाला गेली, रांगेतल्या दोघींना मागे सारलं आणि कडी धड लागत नव्हती म्हणून बाहेर दार धरून उभी राहिली. मी खोलीत बसून गणपतीच्या मागच्या थर्माकोलच्या कमानीकडे बघत होतो. जमीन दुभंगून सीता पोटात गेली तशी सोय पुरुषांना का नाही, असा काहीसा विचार चालू होता.

परत जाताना ती म्हणाली, तुमचं किती छान आहे, सगळे एकत्र, आमच्याकडे समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं मला माहीत नाही, मला असं राहायला आवडेल. तिच्या आवाजात लबाडी नव्हती. मी ‘हं’ म्हटलं.

त्यानंतर मी हळूहळू कँटीनच्या वेळा बदलल्या. पुढच्या वर्षी ती शिकायला अमेरिकेला गेली. भांडण नाही, निरोप नाही. माझ्या मनात मात्र हिशेब पक्का बसला: तिच्यामुळे माझे बाबा माझ्याच घरात वॉचमन झाले.

शेफील्ड आणि गिरणगाव ही जुळी भावंडं आहेत, हे मला तिथे राहून कळलं. आमचा संप 82 चा. त्यांचा खाणकामगारांचा संप 84-85 चा, आणि 18 जून 1984 ला ऑरग्रीव्हला पोलिसांनी घोड्यावरून कामगारांना झोडपलं ती जागा शेफील्डच्या वेशीवरच आहे. आमच्याकडे लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला. त्यांच्याकडे हॅडफील्ड्स या पोलाद कारखान्याच्या जागेवर 1990 साली मेडोहॉल नावाचा अवाढव्य मॉल उभा राहिला. मी होतो त्याच जून महिन्यात डॉनला पूर आला आणि मेडोहॉलमध्ये पाणी शिरलं. ऑफिसात सगळे हवालदिल. आम्ही मुंबईची तिघं 26 जुलैच्या गोष्टी सांगून त्यांना धीर देत होतो, आणि मनातून थोडे फुशारलोही होतो.

स्वस्त बस हा तिथल्या जुन्या लोकांचा हळवा विषय. सत्तरच्या दशकापासून 86 पर्यंत साउथ यॉर्कशायरच्या काउंटी कौन्सिलने, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेने, बसभाडं इतकं कमी ठेवलं होतं की पोरं दोन पेन्समध्ये गावभर फिरायची. आमच्या बाबांची पिढी मिलच्या भोंग्याबद्दल जशी बोलते तशी ती माणसं त्या बसबद्दल बोलतात.

पण सगळंच जुळतं असं समजायचं कारण नाही. इंग्रज ‘क्लास’ म्हणतो तेव्हा तो माणसाच्या उच्चारावरून पारखतो. आपल्याकडे आधी आडनाव विचारतात. माझे बाबा साचेखात्यात होते, आणि गिरण्यांमध्ये चांगली मजुरी साचेखात्यातच असायची. धोट्यातली कांडी बदलली की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्या उष्ट्याच्या नावाखाली दलित कामगारांना त्या खात्यात वर्षानुवर्षं पाऊल ठेवू दिलं नाही. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांचीही कुचंबणा झाली. म्हणजे आमच्या चाळीतले आम्ही ज्यांच्यासमोर शरमत होतो ते वेगळे, आणि ज्यांना आम्ही शरमिंदं केलं ते वेगळे. आमच्या गॅलरीतून पलीकडच्या वस्तीतल्या कुणाच्या घरी जेवायला कोण गेलं होतं? मीच गेलो नव्हतो. हे गाण्यात मावणारं नाही. कॉकरने ते मावण्याची अपेक्षाही करू नये.

शेफील्ड स्टेशनच्या मागच्या टेकडीवर पार्क हिल नावाची वसाहत आहे. 1961 ला पुरी झाली. झोपडपट्टीसारख्या दाटीच्या गल्ल्या पाडून तिथल्या माणसांना या इमारतींत आणलं. शेजारी शेजारीच राहावेत म्हणून खोल्या तशा दिल्या आणि वरच्या गॅलऱ्यांना जुन्या गल्ल्यांचीच नावं ठेवली. गॅलऱ्या दहा फूट रुंद. दूधवाल्याची विजेवरची छोटी गाडी त्यातून फिरायची. मी गेलो तेव्हा अर्धी वसाहत रिकामी केली होती, नूतनीकरणासाठी. उरलेल्या खोल्यांत म्हातारी माणसं होती.

एका शनिवारी मी कॅमेरा घेऊन वर गेलो. नवाच घेतला होता, पाउंडात. गॅलरी बघून जीव हरखला. कठड्यावर सुकणारी चादर, दाराबाहेर कुंडी, एक मोडकी खुर्ची. मी चादरीचा फोटो घेत होतो, तर दार उघडून एक आजी बाहेर आल्या. “रस्ता चुकलास का रे, लव्ह?” तिकडे कुणालाही लव्ह म्हणतात, त्यात काही नाही. मी म्हटलं, नाही, बघतोय फक्त. किती छान आहे इथे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, चादर काढून घेतली आणि दार लावलं.

मला त्यांना सांगायचं होतं की मीपण गॅलरीतलाच आहे. दार ठोठवावं का, असं वाटलं. काय सांगणार होतो? अंगात ऑफिसचं जॅकेट होतं. कंटाळा आला की कंपनीने दिलेल्या हीटर लावलेल्या फ्लॅटवर परत जाता येत होतं, आणि तेही जमेना तर मॅनेजरला एक फोन, पुढचं विमान. खाली उतरताना कानात तोच कॅसिओ वाजत होता, आणि या वेळी गाणारा मी नव्हतो.

त्याच वसाहतीतल्या एका उंच पुलावर कुणा तरुणाने 2001 साली रंगाने लिहिलं होतं: तिचं नाव, मग ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे, लग्न करशील का’. ती दोघं गरीब घरची. लग्न झालं नाही, आणि ती 2007 मध्ये कॅन्सरने गेली. पुढे बिल्डरने इमारत चकचकीत केली तेव्हा त्याला ती ओळ फार आवडली. त्याने त्या अक्षरांवरून निऑनच्या नळ्या बसवल्या, रात्री लांबून दिसायची. नळ्यांमध्ये मागणी घातलेली राहिली, मुलीचं नाव तेवढं गळलं. नाव असतं तर ती कुणाची तरी गोष्ट झाली असती, आणि फ्लॅट विकायला गोष्ट कुणाचीच नसलेली बरी. कॉकर निदान खरंच विसरला होता.

जून 1995 मध्ये ग्लास्टनबरीच्या मोठ्या जत्रेत द स्टोन रोझेस या बँडच्या गिटारवाल्याचं सायकलवरून पडून गळ्याजवळचं हाड मोडलं आणि त्यांच्या जागी ऐनवेळी पल्पला उभं केलं. त्या रात्रीचं चित्रण मी पाहिलंय. हजारो माणसं तंबूतून येऊन ‘कॉमन पीपल’ ओरडताहेत. त्यातल्या बऱ्याच जणांचे वडील फोन उचलणारे असणार, हे उघड आहे. कॉकर बत्तिशीला टेकलेला, हडकुळा. तोही हसतोय. दादर ते लालबाग चालत गेलेल्या माणसाला त्यावर चिडायला हवं होतं, पण मला ते दृश्य बघताना रडू येतं. का, ते विचारू नका.

पबमधल्या त्या रात्रीच मी घरी फोन लावला. तिकडे पहाट होती, बाबा उठलेले असणार हे माहीत होतं, तिसऱ्या पाळीची सवय सुटत नाही. त्यांच्याकडे आता मोबाइल होता. तरी ते अजून वाण्याच्या दुकानातून बोलल्यासारखे ओरडून बोलायचे.

मी विचारलं, “बाबा, ती कॉलेजातली मुलगी आलेली आठवते का? गणपतीत?”

“भात दोनदा मागून घेतलान ती? आठवते की. तुझी आई अजून सांगते. एवढ्या मोठ्या घरची, पण वरणावर तूप आपल्या हाताने वाढून घेतलं म्हणून.”

“ती आली तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात.”

“मग?”

“मॅडम म्हणालात तिला.”

“असेन. नाव कुठं माहीत होतं? तू सांगितलंच नव्हतंस.”

मी गप्प. खिडकीबाहेर ट्राम गेली.

“पण उभे का राहिलात? ती तर पोरगी होती.”

“अरे येड्या,” बाबा ओरडले, “खुर्ची एकच होती घरात. मी बसलो होतो तिच्यावर. पाहुणा आला तर काय मांडीवर घेऊ?”

मागून आईचा आवाज आला, कुणाशी बोलताय एवढ्या पहाटे. बाबा म्हणाले, तुझ्या लेकाशी, त्याला झोप येत नाही तिकडे. मग मला म्हणाले, “जेवलास का? बरं, ठेव आता. बिल चढतंय.”